धुऱ्याची जाडी

जिंतूरला तहसीलसमोर, झेरॉक्सच्या बाजूला माझं दुकान.
पाटीवर अजून अब्बांचं नाव आहे,
आत मी, एक पंखा, आणि फ्लेक्सचं काम.
वाढदिवस, दशक्रिया, भावी सरपंच.
कोपऱ्याला धरून ओढायचं
की कुणीही माणूस बारा फुटी होतो.

ग्रामसेवक गावाचा नकाशा घेऊन आले,
ए-फोर कागद, घड्यांवर फाटलेला.
"पंचायतीच्या भिंतीला लावायचाय, नसरीनबाई.
उद्या सभा आहे."

रात्री दहापर्यंत एकेक हद्द गिरवली,
दोनशे चौदा गट. नदी निळी. गावठाण पिवळं.
मग कोपऱ्याला धरून ओढलं.

सकाळी फ्लेक्स वाळत होता
तेवढ्यात मुंजाजी आले, मागून लिंबाजी.
एका धुऱ्याचे शेजारी,
बारा वर्षांपासून बोलणं बंद.
मुंजाजी वाकून शोधायला लागले,
"माझी हीर कुठाय?"
विहीर रेषेखाली गेली होती.
लिंबाजींनी मला सांगितलं, त्यांना ऐकू जाईल असं,
"म्हणावं, आमचा गोठा बी नाही."

मी पट्टी लावली. रेषा सहा मिलिमीटर.
त्या मापानं रानात ती भरते सोळा फूट.
सोळा फूट नुसती हद्द,
पेरता न येणारी, सातबाऱ्यावर कुणाचीच नाही.

आणि छोट्या कागदावरही
ती तेवढंच रान खात होती,
अर्ध्या मिलिमीटरनं, आवाज न करता.
बारीक दिसणाऱ्यावर
कोण संशय घेतं?

एवढीशी चौकट असते, खिडकीच्या तळाशी:
आकारासोबत रेषा वाढवा.
तिच्यातली खूण काढली. पुन्हा ओढलं.
नकाशा भिंतीएवढा झाला
आणि रेषा होती तेवढीच राहिली,
समोर एवढं ताट मांडलेलं असून
रोजा धरल्यासारखी.
हीर वर आली. गोठा वर आला.
पट्टी म्हणाली, आता रानात सव्वा फूट.

"सव्वा फूट?" मुंजाजी हसले. "बरोबर हाय की.
तेवढाच उरलाय.
बाप होता तवा ह्या धुऱ्यावरून गाडी जायची, बैलाची.
आता शेळ्या बी एकामागं एक चालायल्यात."
लिंबाजी पंख्याकडं बघत म्हणाले,
"इचारा की, कोरला कुणी."

पंखा फिरत राहिला.
दरसाल नांगराचं एक तास,
इकडून एक, तिकडून एक.
त्या खुणेची चौकट
माझ्या खिडकीत नव्हती.

जाता जाता ग्रामसेवकांनी
खिशात मावेल असा एक मागितला.
मी नकाशा लहान केला, रेषा हट्टानं तशाच ठेवून.
गावठाणाची सगळी घरं एकमेकांवर चढली,
गल्ल्या बुजल्या, नुसता काळा डाग.
म्हणजे हट्ट धरूनही भागत नाही.
मी खूण परत केली.
कुणाला सांगितलं नाही.

दुपारी उरलेले साडेचारशे आणायला पंचायतीत गेले.
फ्लेक्स भिंतीवर, वरचा डावा खिळा थोडा तिरपा.
मुंजाजी रेषेवर बोट टेकवून उभे होते.
"हे बघ, इथून माझं."
लिंबाजींनी त्याच्या शेजारी आपलं टेकवलं.
"इथून न्हाई, लिंब्याच्या बुडापासून."
"कुठला लिंब? तो तर तूच तोडलास."
"म्या न्हाई, वाऱ्यानं पडला."

नांगर धरून धरून जाड झालेली बोटं,
एकेक दीड सेंटिमीटरचं.
हिशोब माझ्या डोक्यात आपोआप झाला:
दर बोटाखाली चाळीस फूट,
हीर, गोठा, धुरा, न उरलेला लिंब
सगळंच झाकलं गेलं होतं.

मी पैसे मोजून घेतले
आणि पट्टी पर्समध्येच राहू दिली.
ते अजून बोलत होते.